पोटातली रेघ

३ नोव्हेंबर, सोमवार

आज लिहिलं नाही तर कुणाच्या तरी डोक्यात काहीतरी घालीन, म्हणून लिहिते आहे.

ठसका पुरा झाला. ठसका म्हणजे माझा फाँट. वर्षभर शंकर नगरच्या या फ्लॅटच्या गॅलरीत बसून एकेक अक्षर काढलं. उभ्या रेघा जाडजूड, तिरक्या आणि आडव्या रेघा केसाएवढ्या, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला धारदार कोपरा. शेजारी शेजारी जाड आणि बारीक आले की अक्षर कमरेवर हात ठेवून उभं राहिल्यासारखं दिसतं. दबकून बसणारं अक्षर मला काढताच येत नाही. तेलीबांध्याला शेखरचं मिठाईचं मोठं दुकान निघतंय, त्याने पाटीसाठी ठसका पसंत केला. पाटी म्हणजे 'बहार मिष्टान्न'. त्याने आधी 'मिष्ठान्न' लिहून आणलं होतं. मी म्हटलं, "शेखरभैया, मिष्ट अधिक अन्न. हा ठ कुठून उपटला?" तर म्हणतो, "दीदी, पूरे रायपूर में ठ ही चलता है." घरात आईवडील मराठी बोलतात, हा पठ्ठ्या उत्तर हिंदीत देतो. पण मी ट करून घेतलाच.

तर आज ते मोठ्या कागदावर छापून घरी आणलं. आधी बाबांना दाखवायचं, हा माझा मूर्खपणा. बाबांनी कागद लांब धरला, जवळ धरला, मान वाकडी केली आणि म्हणाले, "वहार मिप्टान्न. हे कोनाचं नाव होय?"

माझ्या बहारच्या ब चा व. पोटफोड्या ष चा प. बाबा म्हणजे श्यामराव, निवृत्त इंजिन ड्रायव्हर. त्यांनी माझं सगळं लहानपण ब आणि व यांच्यावर घालवलेलं आहे. शाळेतल्या पोरी 'बिमला' म्हणायच्या, 'बिकास' म्हणायच्या, आणि मी चुकून तसं बोलले की दारातच थांबवायचे. "आपण वर्ध्याकडचे. व ले व म्हण, ब ले ब म्हण, मग आत ये." आता मी चाळीशीला आले, पुण्याची नोकरी सोडून घरी बसले, तर ही थट्टा! पोटातली रेघ दिसत नाही म्हणे. म्हणाले नाहीत तसं, पण अर्थ तोच.

आईने कागद काढून घेतला. "चांगलं हाय न. चहा थंड होऊन राहिला तुमचा." तिने कप उचलून त्यांच्या हातात दिला, समोर टेबलावरच होता तरी. इतके लाड! आणि कप परत ठेवताना त्यांनी तो टेबलाच्या कडेवर ठेवला. चहा माझ्या कागदावर. सॉरी नाही, काही नाही, उलट "इथं टेबल कोन सरकवला?"

माझं नाव क्षमा ठेवणाऱ्या माणसाला तरी निदान विनोदबुद्धी आहे, असं समजायचं.

६ नोव्हेंबर

फाँटची पुस्तिका करते आहे. नमुन्याला कुणाचे सुविचार घालणार नाही, असं ठरवलंच होतं. आईचं गाणं घातलं. मला अक्षरओळख झाली ती त्याच गाण्यावर, शाळेत जायच्या आधी. आई भाकरी थापताना म्हणायची, बाबा पाटावर बसून म्हणायचे, मीही उड्या मारत म्हणायचे:

ट एकटा
म-प दुकटा
ग-ल-न तिघे
र-ब-क-च निघे

पहिली ओळ सगळ्यात मोठी, मग प्रत्येक ओळ लहान होत जाणारी, अशी मांडली. काय देखणं पान झालंय. दुसऱ्या कोणत्याही घरात हे गाणं मी ऐकलेलं नाही. आईनेच रचलेलं असणार.

तिला दाखवलं तर तिचा चेहरा पडला. "हे काहून छापून राहिली? दुसरं काही टाक न."

"अगं, तुझं नाव घालते खाली. इंदू म्हणून."

"नको म्हनलं न तुले! काढ ते."

स्वतःच्या गाण्याचीसुद्धा लाज. आमच्या घरात कुणी काही चांगलं केलं की आधी ते झाकायचं, ही रीतच आहे. मी काढणार नाही.

१५ नोव्हेंबर

आज भर चौकात मान खाली घालायला लागली.

मी माझ्या गाडीवर, शेजारी बाबा त्यांच्या स्कूटरवर, मागे आई. तेलीबांध्याच्या तळ्याकडे फिरायला निघाले होते दोघं. सिग्नलला थांबलो. आई मागून मोठ्याने म्हणाली, "लाल." बाबा म्हणाले, "लाल." मग आई, "हिरवा." बाबा, "हिरवा," आणि गाडी पुढे. बाजूच्या ऑटोतल्या पोरी खिदळत होत्या.

रेल्वेत अशीच रीत. असिस्टंट सिग्नल मोठ्याने सांगतो, ड्रायव्हर तोच शब्द परत म्हणतो, म्हणजे दोघांनी पाहिला याची खात्री. ठीक आहे. पण इंजिन सोडून अकरा वर्षं झाली, आणि आई काही असिस्टंट नाही. पूर्वी करत नव्हते हे. म्हातारपणी नवा चाळा. पुढे गेल्यावर तर ती "डावीकडून ट्रक, खड्डा, गाय" असं सारखं बोलत होती, आणि ते आपले निमूट ऐकत होते. ज्या माणसाने घरात कधी बायकोचं ऐकलं नाही तो रस्त्यावर ऐकतो आहे. मी घरी आल्यावर म्हटलं, "लोक हसतात." बाबा म्हणाले, "हसू दे. त्याईचं काय जाते."

हल्ली पेपरही वाचत नाहीत. सकाळी आई मोठ्याने वाचते, हे ऐकतात. बसल्या जागी राजासारखं. मी पराग दादाला फोन करून सांगितलं तर तो भिलाईहून म्हणतो, "रहने दे ना यार, उम्र हो गयी है." तुला काय जातंय रहने दे म्हणायला!

१ डिसेंबर

शेखरचा फोन. पाटी दुकानावर चढली, त्याचा आवाजही चढलेला.

"दीदी, पूरा मोहल्ला 'वहार' पढ़ रहा है! किसी ने फोटो डाल दी है, 'वहार मिप्टान्न में आपका स्वागत है.' मेरी हंसी उड़ रही है!"

माझ्या मनात पहिला विचार आला तो बाबांचा. यांनीच तळ्यावरच्या मंडळीत पिकवलं असणार. तशीच उठले, त्यांच्यासमोर उभी राहिले. "तुम्ही कुणाला बोललात का वहार म्हणून?" ते म्हणाले, "मी काहून बोलू? तूच तर तसं लिहिलं." त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी तेलीबांध्याला गेले. पाटीच्या मागून दिवे सोडलेत, भगभगीत पांढरे. रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. जाड रेघा खांबासारख्या उभ्या आणि बारीक रेघा उजेडाने गिळून टाकलेल्या. ब च्या पोटातली रेघ नाही. ष चं पोट रिकामं. सगळं शहर वाचतंय ते बरोबरच वाचतंय.

म्हणजे बाबा थट्टा करत नव्हते. दिसलं ते वाचलं त्यांनी. मला हे पचत नाहीये, पण लिहून ठेवते. पाटीवाल्याला शिव्या घातल्या, दिव्यांना घातल्या, मग माझा मलाच राग आला. कागदावर दिमाखात मिरवणारी रेघ रस्त्यावर टिकत नसेल तर मी वर्षभर काय काढलं?

५ डिसेंबर

रेघ जाड केली. दोन दिवस तेच केलं. थोडी जाड केली की ब ढेरपोट्या दिसतो, कमी केली की पुन्हा व. शेवटी टोकाशी बारीक आणि मधे भरलेली अशी काढली. पाटीसाठी ठसक्याचा हा वेगळा, रस्त्यावरचा भाऊ. शेखरने नवी अक्षरं लावून घेतली, दिवेही मंद केले. म्हणाला, "अब मस्त है. पहले ही ऐसा बना देतीं." पहिला ठसका किती देखणा होता हे त्याला कधीच कळणार नाही. पण फोटो टाकणाऱ्यांची तोंडं बंद झाली. पाटी आता पार पुलावरूनही वाचता येते.

७ डिसेंबर, रविवार

बाबांनी स्कूटर भाजीच्या ठेल्यावर घातली. समता कॉलोनीच्या वळणावर, दिवसाढवळ्या. ठेला उभा होता, चालत नव्हता! टोमॅटो रस्ताभर. आईचं मनगट सुजलंय, हाड मोडलं नाही एवढं नशीब. ठेलेवाला बिचारा म्हणत होता, "बाबूजी सीधे आ गये, हम चिल्लाते रहे."

बाबा म्हणतात, "तो मधात आला." ठेला!

आणि आई काय म्हणते? "माझंच चुकलं. मी बोलली नाही वेळेवर. पदर सावरून राहिली होती."

तिचं काय चुकलं? ती मागे बसली होती! पण आमच्याकडे बाबांच्या हातून काही सांडलं, फुटलं, आपटलं की चूक आईचीच. तीच पुढे होऊन घेते. जन्मभर पाहत आले. मी स्कूटरची चावी मागितली तर बाबा इतक्या जोरात ओरडले की खालचे लोक वर पाहायला लागले. चावी त्यांच्या खिशातच आहे.

८ डिसेंबर

झालं तसं लिहिते.

आज संध्याकाळी मला वाटलं, कालचं विसरून जरा बरं बोलावं. नव्या रेघांचं 'बहार मिष्टान्न' छापलेला कागद घेऊन गॅलरीत गेले. बाबा खुर्चीत, तोंड आत, मागे मावळतीचा उजेड.

म्हटलं, "बाबा, तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. रेघ दिसत नव्हती. आता केली. वाचा."

त्यांनी कागद घेतला. लांब, जवळ. "तेच तर हाय. वहार."

"नाही. आता ब आहे. नीट बघा."

"अव, वहारच हाय न. मि... मिप्टान्न."

मग माझा तोल गेला. ती रेघ पुलावरून दिसते, आंधळ्यालाही दिसेल, असं मी ओरडले. आंधळ्यालाही, असंच म्हणाले. तुम्हाला माझं काहीच बघायचं नाही, घरी परत आले म्हणून तुमच्या डोळ्यांत खुपते मी, सरळ सांगा तसं. बोलायचं नव्हतं ते सगळं बोलले. त्यांच्या हातातून कागद ओढला आणि समोर नाचवला. "वाचा! पुन्हा वाचा!"

ते खुर्चीत ताठ बसले. कागदाकडे पाहिलं. चांगलं एकटक पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाले, "बहार मिष्टान्न. एकदम बरोबर. झकास दिसून राहिलं, पोरी. आता झालं समाधान?"

मी कागद खाली घेणार तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की अक्षरं माझ्याकडे आहेत. ओढाओढीत कागद उलटा फिरला होता. बाबांकडे कोरी बाजू होती.

मागे वळले तर आई स्वयंपाकघराच्या दारात. तिने उलटा धरलेला कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "कधीपासून?"

"माझी पोळी जळून राहिली," ती म्हणाली आणि आत गेली. गॅस बंद होता.

१० डिसेंबर

समता कॉलोनीत डॉक्टर राधिकांकडे नेलं. नेलं म्हणजे ओढत नेलं. जिन्यात बाबा म्हणाले, "मले चष्म्याचा नंबर वाढला असंल फक्त." आईचं मनगट बांधलेलं, तरी ती दुसऱ्या हाताने त्यांची बाही धरून. आता मला दिसतंय की ती बाही कायमच धरते.

काळोख्या खोलीत खुर्चीवर बसवलं. समोर पडदा. डॉक्टरांनी त्यांचा एक डोळा झाकला आणि म्हणाल्या, "अंकल, सामने जो दिख रहा है, बोलिये. आराम से."

बाबांनी पाठ सरळ केली. हात मांडीवर. हजेरीला उभ्या राहणाऱ्या माणसासारखे. आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ट."

थोडं थांबून, "म, प."

डॉक्टरांनी त्यांना पुढे जा म्हटलंच नव्हतं.

"ग, ल, न."

त्या खोलीत ते गाणं फक्त मला आणि आईला ऐकू येत होतं. भाकरीच्या थापट्यांसकट. बाबा पाटावर बसून म्हणायचे, ते पुढची ओळ विसरले की आई टोकायची, मी उड्या मारायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते कडक इस्त्रीचे कपडे घालून रेल्वेच्या दवाखान्यात डोळे तपासायला, 'मेडिकल'ला जायचे. परत आले की पेढे. मला वाटायचं माझं गाणं पाठ झालं म्हणून पेढे.

"र, ब, क, च," बाबा म्हणाले. मग डॉक्टरांच्या आवाजाच्या दिशेला मान वळवून म्हणाले, "फिट?"

पडद्यावर एकच अक्षर होतं. हातभर उंच द.

डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागल्या. मी आईकडे. आई जमिनीकडे.

काचबिंदू आहे. फार पुढे गेलेला. गेलं ते परत येणार नाही, राहिलं आहे ते थेंबांनी सांभाळायचं. दोन वर्षं आधी आणलं असतं तर बरंच राहिलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मी हे वाक्य लिहिते आहे आणि माझी पेन्सिल मोडली आहे.

खाली गाड्यांच्या मधे उभी राहून मी दोघांवर ओरडले. सगळे बघत होते, बघू देत.

"तुम्ही इंजिन चालवत होतात! मागे डबे भरून माणसं! पाठ केलेली अक्षरं म्हणून?"

"तवा मले दिसे," बाबा म्हणाले. "देवाशप्पथ दिसे. डॉक्टर समोर उभा राहिला का घाबरून अक्षरं पळून जायची, म्हणून पाठ केलं. एक वेळ नापास झालो असतो तर इंजिनावरून उतरवलं असतं. शेडमधी झाडू घेऊन उभा केला असता."

खरं असेल. नसेलही. आता कुणाला विचारणार?

"आणि आता? आता कोण उतरवणार होतं तुम्हाला?"

आई बोलली. "तूच. तू चाबी मागतली न परवा."

"आई, तू गप्प बस. तुला माहीत होतं. तू पोटात ठेवलंस. तू त्यांच्या मागे बसून सिग्नल सांगत होतीस, जीव गेला असता दोघांचा!"

"मी होती न मांगं," ती म्हणाली. एवढंच. जणू मागे ती होती म्हणजे झालं.

मला या दोघांचा इतका राग आला आहे की रडूसुद्धा येत नाही. बाबा आंधळे होत होते आणि मी रोज घरात होते. आई त्यांचे डोळे झाली होती आणि मला ते लाड वाटले. ज्या बाईला केसाएवढी रेघ अर्ध्या केसाने हलली तरी कळते तिला आपला बाप दिसला नाही. रागावू कुणावर? सगळ्यांवर रागावले आहे.

१४ डिसेंबर, रविवार

बहारचं उद्घाटन. जायचं नव्हतं. बाबाच म्हणाले, "तुझी पाटी हाय, जाऊ न."

तीन दिवस मी दोघांशी धड बोलले नाही. थेंब मात्र वेळेवर घालते. डोळा उघडा धरून, दात-ओठ खात. बाबा मुकाट्याने घालून घेतात. काल आईने हळूच विचारलं, "ते गानं काढलं का पुस्तकातून?"

"नाही काढलं. काढणारही नाही. मी त्याच्यावर अक्षरं शिकले आणि तुम्ही त्याच्याआड डोळे घालवलेत. छापलेलं राहू दे. खाली तुझं नावही घातलं आहे."

ती थेंबांची बाटली उचलून आत गेली.

आज निघताना बाबांनी खिशातून स्कूटरची चावी काढली, माझ्यापुढे धरली. माझ्या हाताच्या जरा डावीकडेच धरली. मी हात तिकडे नेऊन घेतली. आई मनगटामुळे ऑटोने पुढे गेली. बाबा माझ्या मागे बसले. जन्मात पहिल्यांदा मागे. कुठे धरावं ते कळेना, मग माझ्या खांद्याला धरलं.

रस्त्यात विचारलं त्यांनी, "लोकाईले ब दिसून राहिला का आता?"

"दिसतो."

"अन् तो पोटफोड्या?"

"तोही दिसतो."

"मंग झालं," म्हणाले.

राग होताच, अजून आहे. तेलीबांध्याच्या चौकात सिग्नल लागला. थांबले. गाड्या हॉर्न देत होत्या, समोर शेखरची पाटी लखलखत होती. मागे बाबा अगदी गप्प. खांद्यावरची बोटं घट्ट झाली होती. मला वाटलं भीती वाटते आहे. मग कळलं की ते वाट बघताहेत.

मी दात आवळून ओरडले, "लाल!"

"लाल," बाबा म्हणाले, आणि त्यांची बोटं सैल झाली.